वाड्यातली जुनी रायफल आणि लष्करी काडतुसे: पहिला बार उडवण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या ज्या भागात मी राहतो त्याचे नावच लष्कर आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि तो पुढे उठलाच नाही. त्यामुळे येथील जुन्या मराठी घरांच्या कपाटांतून बंदूक निघाली, तर त्याचे कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. आमच्या आजोबांच्या माघारी माउझर बनावटीची एक शिकारी रायफल निघाली आणि तिच्यासोबत पत्र्याच्या डब्यात सुमारे नव्वद लष्करी काडतुसे निघाली. ती रायफल रीतसर माझ्या नावावर होऊन रेंजवर पहिला बार होईपर्यंत तीन वर्षे गेली. त्यातला निम्मा वेळ माझ्याच अज्ञानामुळे वाया गेला. तुमचा तो वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

१. सर्वप्रथम जमा करा आणि पावती घ्या

परवानाधारकाचे निधन होताच त्यांचा परवाना तुमच्या उपयोगाचा राहत नाही. त्यानंतर ती रायफल आणि ती काडतुसे घरात ठेवणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे होय. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशी वस्तू विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. आम्ही तेरावे होईपर्यंत थांबलो आणि नंतर ‘बघू’ म्हणत आणखी दोन महिने काढले. ठाणेदार समजूतदार निघाले, पण तुमच्या वाट्याला तसेच येतील असे गृहीत धरू नका.

पावतीवर रायफलचा क्रमांक, बोर (नळीचे आतले माप), बनावट आणि काडतुसांची मोजलेली संख्या लिहून घ्या. ‘काही जुनी काडतुसे’ एवढीच नोंद असलेली पावती पुढे त्रासाची ठरते. जमा करण्यापूर्वी नळीवर तेलाचा हात फिरवा आणि रायफल चामड्याच्या खोळीत देऊ नका, कारण पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि मालखान्यात कोणी तुमच्यासाठी तेल घेऊन बसलेले नसते.

भिंतीवर टांगलेली आहे, शोभेची आहे, पुरातन आहे, असा युक्तिवाद नातेवाईक हमखास करतात. कलम ४५ मधली सवलत जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना आहे हे खरे; परंतु दुरुस्ती करूनही अथवा न करताही ते शस्त्र चालू शकत नसेल, तरच ती लागू होते. ज्या रायफलचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, आजही सुरळीत सरकतो, ती या व्याख्येत बसत नाही.

२. बोर निषिद्ध आहे का, ते पाहा

शस्त्र नियमावली २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध बोरांची यादी आहे. तीत .३०३ किंवा ७.६२ मिमी बोरच्या बोल्ट अॅक्शन रायफली तर येतातच, पण या बोरांची लष्करी काडतुसे ज्यात बसून उडू शकतील अशा इतर रायफलीही येतात. .४१० बोरच्या मस्केटही त्याच ओळीत आहेत. म्हणजे तुमच्या घरातून ली-एनफिल्ड, म्हणजे .३०३ बोरची जुनी ब्रिटिश लष्करी रायफल, निघाली असेल, तर हा पुढचा लेख तुमच्यासाठी जवळजवळ नाहीच, कारण निषिद्ध बोरचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. शिक्षाही वेगळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान ७ वर्षे कारावास आहे.

७×५७, ८×५७, .३७५ यांसारख्या जुन्या शिकारी बोरांच्या बोल्ट अॅक्शन रायफली सामान्यतः बिगर-निषिद्ध गटात मोडतात आणि त्यांच्याविषयीच मी पुढे लिहीत आहे.

३. वारसाचा परवाना

नियमावलीतील नियम २५ वारसांसाठी आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर अर्ज करता येतोच. पण ते ७० वर्षांचे झाले असतील किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षे असेल, तर ते हयातीतच एखाद्या वारसाला नामनिर्देशित करू शकतात. आजोबा अथवा वडील हयात असतील तर हा मार्ग आजच धरा; मागाहून भावाबहिणींच्या संमतिपत्रांसाठी जी धावपळ होते ती पुष्कळशी वाचेल. अर्ज एनडाल-अलिस या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत द्यायची असते. मला लागलेली कागदपत्रे अशी:

- मूळ परवाना आणि त्यावरील विशिष्ट ओळख क्रमांक (यूआयएन)
- मृत्यू प्रमाणपत्र
- इतर सर्व वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे
- जमा पावती
- ओळख, पत्ता व वय यांचे पुरावे, छायाचित्रे
- वैद्यकीय प्रमाणपत्र
- शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र
- घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याचे हमीपत्र

प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राविषयी बहुतेकांना शेवटी कळते, म्हणून ते आधी मिळवा. २०१९ पासून एका व्यक्तीकडे दोनपेक्षा अधिक शस्त्रे राहू शकत नाहीत आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर तिसरे घरातील दुसऱ्या कोणाच्या नावावर जावे लागेल.

माझी फाईल दोनदा परत आली, ती एकाच शब्दामुळे. आजोबांच्या परवान्यावर बोरच्या रकान्यात नुसते ‘८ एमएम’ लिहिलेले होते. तो शब्द पुढच्या पायरीत येतो आणि तेथे तो कारकुनी चूक न राहता जिवावरची चूक ठरतो.

४. ‘आठ एमएम’ म्हणजे नेमके कोणते, हे ठरवा

आपल्याकडे बाजारात ‘आठ एमएम’ म्हटले की इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोरची रायफल समजली जाते. तिचे काडतूस ५० मिमी लांबीच्या पुंगळीचे (दारू भरलेल्या पितळी नळकांड्याचे) आणि बुडाला बाहेर आलेली कड असलेले आहे. मूळ मानलिखर काडतुसावरून ते घेतलेले आहे. माउझरचे आठ एमएम वेगळे. त्याची पुंगळी ५७ मिमी लांब असून बुडाची कड पुंगळीच्या अंगाबाहेर येत नाही. ही दोन काडतुसे परस्परांच्या रायफलीत चालत नाहीत, तरीही एका विक्रेत्याने ‘चालून जाईल’ असे मला तोंडावर सांगितले होते.

याहून अवघड गोष्ट माउझरच्या पोटात दडलेली आहे. १८८८ च्या जर्मन रायफलीसाठी बनलेल्या मूळ काडतुसाची गोळी .३१८ इंच, म्हणजे सुमारे ८.०८ मिमी व्यासाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन सैन्याने टोकदार नवी गोळी स्वीकारली, तिचा व्यास .३२३ इंच, म्हणजे सुमारे ८.२० मिमी झाला. पुंगळी तीच राहिली. परिणामी नवे काडतूस जुन्या नळीत बिनतक्रार बसते आणि चाप ओढल्यावर ती जाड गोळी अरुंद नळीत कोंबली जाऊन दाब धोक्याच्या पातळीपलीकडे जातो. लष्कराने नळी बदलली, तरी शिकारी रायफली बनवणारे जर्मन कारागीर त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्याच मापाच्या नळ्या बसवत राहिले. त्यामुळे रायफल कोणत्या वर्षाची आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. लष्करी काडतुसे मात्र जवळजवळ सर्वच .३२३ ची असतात.

खात्री करण्याचा मार्ग एकच आहे. जाणत्या मिस्त्रीकडून मऊ शिशाचा गोळा तेल लावलेल्या नळीतून ठोकून पार काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. आमचा गोळा ८.२० भरला तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो ८.०८ भरला असता, तर डब्यातील सर्व काडतुसे तशीच ठाण्यात परत गेली असती.

५. काडतुसाच्या बुडावरचा ठसा वाचा

बुडावर साधारणपणे कारखान्याची खूण, वर्ष आणि कधी कधी प्रकार असतो. ‘के एफ’ म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी, जिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. ब्रिटिश काडतुसांवर रोमन अंकांपुढे ‘झेड’ असेल, तर आत कॉर्डाइट या जुन्या ब्रिटिश दारूऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे असे समजावे. आजोबांची काडतुसे ब्रिटिश बनावटीची, १९४३ ची होती. जर्मन मापाचे काडतूस ब्रिटनने का बनवावे, हे कोडे मला बरेच दिवस सुटेना. मग कळले की ब्रिटिश रणगाड्यांवरची बेसा मशीनगन ७.९२ मिमीचेच काडतूस खात असे आणि युद्धानंतर तो साठा शिकाऱ्यांपर्यंत पोहोचला.

गोळीच्या टोकाला रंग असेल तर ते काडतूस वेगळे काढा. अमेरिकन पद्धतीत काळे टोक म्हणजे चिलखतभेदी, लाल किंवा नारिंगी म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणारे आणि निळे म्हणजे आग लावणारे. इतर देशांच्या रंगांचे अर्थ वेगळे आहेत. अर्थ लावत बसू नका. रंगीत टोकाचे एकही काडतूस उडवायचे नाही, एवढा नियम पुरे.

६. काडतुसे निवडा, आणि कठोरपणे निवडा

हे काम शस्त्र तुमच्या नावावर आल्यानंतर, दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन करा. पितळेवरचा नुसता काळपटपणा निरुपद्रवी असतो. हिरवे चट्टे पडून धातूला खड्डा पडला असेल, टोपीभोवती (बुडाच्या मध्यावरच्या, ठिणगी देणाऱ्या छोट्या वाटीभोवती) गंज असेल, गोळी बोटाने हलत किंवा आत दबलेली असेल, तर ते काडतूस बाद. कानाशी हलवून आवाज येतो का हे पाहण्याची पद्धत निरर्थक आहे. कित्येक चांगल्या काडतुसांतही दारू खुळखुळते.

सर्वांत बारकाईने पाहायचा भाग म्हणजे पुंगळीचा गळा, जिथे पितळ गोळीला आवळून धरते. तिथे केसासारखी उभी चीर दिसते. या दोषाचा शोध आपल्याच देशात लागला, ही मला फार रोचक वाटणारी गोष्ट आहे. इंग्रज फौज पावसाळ्यात मोहिमा थांबवून काडतुसे तबेल्यांत ठेवी आणि पावसाळा सरला की पुष्कळ पुंगळ्या गळ्याशी तडकलेल्या निघत. ऋतूमुळे तडे जातात असे समजून त्याला इंग्रजीत ऋतूचेच नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये उलगडले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या दोहोंच्या संगनमताने पितळ तडकते. आमच्या वाड्यात डबा ज्या खोलीत होता तिला आजी अखेरपर्यंत ‘पागा’ म्हणत असे. नव्वदांपैकी अकरा काडतुसांचे गळे तडकलेले निघाले, ते पागेमुळे की वयामुळे हे मी सांगू शकत नाही.

आतल्या दारूची अवस्था बाहेरून दिसत नाही. नायट्रोसेल्युलोज कालांतराने स्वतःच विघटित होऊन आम्ल सोडते. ते रोखण्यासाठी घातलेले रसायन संपले की क्षय वेगाने होतो आणि उष्णतेने तर अधिकच. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पन्नास उन्हाळे काढलेला डबा म्हणूनच संशयास्पद मानावा. प्रत्येक साठ्यातील दोन-तीन काडतुसे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या कारागिराकडून उघडून पाहून घ्या. आंबट, झोंबणारा वास, तांबूस भुकटी किंवा पुंगळीच्या आत हिरवट थर दिसला, तर त्या ठशाची आणि त्या वर्षाची सर्वच काडतुसे बाद करा. घरी पकडीने गोळी उपसणे किंवा दारू बदलून काडतूस पुन्हा भरणे हा उद्योग करू नका. काडतूस बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो तुमच्याकडे नाही.

काडतुसांना तेलही लावू नका. तेल टोपीत झिरपून ती निकामी होते, शिवाय तेलकट पुंगळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला धरून राहत नाही आणि धक्क्याचा सगळा भार बोल्टवर येतो.

७. रायफल मिस्त्रीला दाखवा

हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाच्या बुडाला मागे सरकायला किती जागा राहते, ते मापकाने तपासून घ्या. नळीत फुगवटा, दस्त्यात तडा, फायरिंग पिनचे झिजलेले टोक आणि सेफ्टी कॅचही पाहून घ्या. काम परवानाधारकाकडूनच करवून घ्या आणि रायफल देताना पावती घ्या.

८. रेंज, प्रवास आणि पहिला बार

येथे शेतात, टेकडीवर किंवा वरातीत बार उडवण्याची परंपरा मोठी आहे. तिचा मोह टाळा. निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांना धोक्यात आणल्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर विषयच उरलेला नाही. उरतो तो अधिकृत रेंज. बहुतेक रायफल क्लबांत १० मीटरची एअर रायफल आणि ५० मीटरची .२२ एवढीच सोय असते आणि मागचा मातीचा बांध मोठ्या बोरसाठी बांधलेला नसतो. म्हणून आधी लेखी विचारा, आणि विचारताना काडतुसे जुनी लष्करी आहेत हेही सांगा. टेकनपूर किंवा महू येथे रेंज आहेत असे कोणीतरी सुचवतेच. त्या सुरक्षा दलांच्या आणि लष्कराच्या आहेत, तुमच्याआमच्यासाठी नाहीत. प्रवासात रायफल रिकामी आणि पूर्ण झाकलेली, काडतुसे वेगळ्या पेटीत आणि मूळ परवाना जवळ असावा. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हेही निघण्यापूर्वी वाचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्या जिल्ह्यात शस्त्रे पुन्हा जमा होतात, त्यामुळे तारीख ठरवताना तोही हिशेब ठेवावा लागतो.

पहिला बार खांद्यावर घेऊ नका. रायफल जुन्या टायरवर घट्ट बांधून, चापाला दोरी लावून, आडोशामागून ओढतात. वेळखाऊ दिसते, पण मी तसेच केले. मॅगझिन रिकामे ठेवून एकच काडतूस चेंबरमध्ये घाला. नंतर पुंगळी नीट पाहा. टोपी पार सपाट झाली असेल, तिच्याभोवती काजळी असेल, बुडाच्या किंचित वर चकचकीत वळे उमटले असेल किंवा बोल्ट उचलायला जोर लागला असेल, तर त्या दिवसाचे काम तिथेच थांबवा.

जुन्या काडतुसांची दोन सोंगे ओळखता आली पाहिजेत. एक, चाप ओढल्यावर नुसती ‘टक्’ होते आणि बार काही क्षणांनी होतो. म्हणून ‘टक्’ झाल्यावर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान एक पूर्ण मिनिट मोजा आणि मगच, चेहरा बाजूला ठेवून, बोल्ट उघडा. दोन, आवाज दबका येतो आणि धक्का जाणवत नाही. तेव्हा गोळी बहुधा नळीतच अडकलेली असते आणि त्यामागून दुसरी सोडली तर नळी फाटते. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचे काडतूस हातात घेऊ नका.

९. त्याच दिवशी पाण्याने धुवा

माझी खरी चूक या पायरीवर झाली. जुन्या लष्करी टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतील ओल शोषते आणि पोलादाला गंज चढवते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते; शाळेत शिकलेली ही गोष्ट मला जुलै महिन्यात आठवली नाही. मी रेंजवरून आलो, नळीत तेलाची चिंदी फिरवली, रायफल कपाटात ठेवली आणि आठवड्याने पाहतो तो नळीला आतून वीटकरी रंग आलेला. तेलाखाली मीठ सुरक्षित राहिले होते. राॅकेल, थिनर, पेट्रोल यांनीही काम भागत नाही.

लागणारे साहित्य साधे आहे: चाळणी नसलेले नरसाळे, उकळते पाणी, नळी साफ करण्याची सळई किंवा फौजी भाषेतले फुलतरू, फ्लॅनेलच्या चिंद्या, पितळी ब्रश आणि बंदुकीचे तेल. बोल्ट काढून टाका. चेंबरच्या बाजूने नळीत दोन-तीन तांबे कढत पाणी ओता आणि ते दस्त्याच्या लाकडात शिरणार नाही याची काळजी घ्या. गरम पाण्याचा फायदा असा की नळी तापते आणि उरलेली ओल आपोआप उडते. मग ब्रश, पुन्हा पाणी, कोरड्या चिंद्या आणि शेवटी तेल. बोल्टचे तोंड, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) खाच आणि फायरिंग पिनचे टोक ओल्या चिंदीने पुसून, सुकवून, तेल लावा; मीठ तिथेही उडालेले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पांढरी चिंदी फिरवून पाहा. तिच्यावर तांबूस छटा आली, तर सगळे पहिल्यापासून करा. ठसा पाहून टोपी गंजकारक नाही असे कोणी सांगितले तरी मी धुतोच, कारण पाण्याला पैसे पडत नाहीत आणि १९४३ ची माझी काडतुसे नक्कीच गंजकारक जातीची आहेत.

१०. बाद काडतुसांचे काय करावे

ती भंगारवाल्याला, नदीला किंवा उकिरड्याला देऊ नका, पुरूही नका. मोजून, यादी करून, अर्जासह ठाण्यात जमा करा आणि परवान्यावरील संख्या दुरुस्त करून घ्या. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही फेकू नका, कारण नवी काडतुसे घेताना वापराचा हिशेब मागितला जाऊ शकतो. आमच्या नव्वदांपैकी बावन्न जमा झाली. उरलेल्या अडतिसांपैकी आजवर नऊ उडवली आहेत आणि त्यांच्या नऊ पुंगळ्या, तारखांच्या चिठ्ठ्यांसह, त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या आहेत. डबा मात्र आता पागेत नसतो.